गोरखपूरचे पैसे

शुक्रवारी वर्गात मी शेअरबाजार शिकवत होते आणि एका विद्यार्थिनीने हात वर केला. आमचं कॉलेज जबलपूरचं, त्यामुळे वर्ग हिंदीत चालतो. ती म्हणाली, "मैडम, अब तो सब लोग फोन पर शेयर खरीदते हैं. फिर अख़बार वाले दलाल स्ट्रीट क्यों लिखते हैं? वहाँ तो कोई जाता ही नहीं."

प्रश्न चांगला होता. चांगला प्रश्न आला की मला आधी रागच येतो, कारण तो नेमका तास संपता संपता येतो. मी पुस्तकातलं सांगून टाकलं. आधी दलाल मंडळी मुंबईत वडाच्या झाडाखाली बसून सौदे करायची, मग एका गल्लीत आली, त्यांच्यामुळे गल्लीला नाव पडलं आणि पुढे गल्लीच्या नावाने अख्खा बाजार ओळखला जाऊ लागला. वॉल स्ट्रीटवर म्हणे एकेकाळी खरोखरीची भिंत होती. भिंत केव्हाच गेली, नाव राहिलं. आपल्या इथला सराफा बाजारच घ्या, सोनं महागलं की पेपरात येतं 'सराफा चढला'. सराफा काय माडीवर चढला? मुली हसल्या, बेल झाली, मी सुटले.

पण पार्किंगमध्ये स्कूटरला चावी लावताना मनाला टोचत राहिलं. नाव कसं पडलं ते मी सांगितलं होतं, ते टिकतं कशाने ते सांगितलं नव्हतं. त्याचं उत्तर मला पुस्तकातून नाही, घरातून मिळालेलं आहे, आणि ते सांगायचं तर गोरखपूरच्या काकूंपासून सुरुवात करावी लागते.

हे गोरखपूर म्हणजे आमच्या जबलपुरातलं, बाजाराचं. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला राहायचो, अजूनही मी आणि आई रांझीलाच राहतो. बाबा फॅक्टरीत होते. गोरखपूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत एका रेल्वेवाल्याचं बिऱ्हाड होतं, त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. आमच्या त्या नात्यागोत्याच्या कुणीच नाहीत. उंच, आवाज खणखणीत, भाजीवाल्याशी हुज्जत घातल्याशिवाय त्यांच्या घरची मेथी शिजत नसे. शहरातल्या मराठी घरांतल्या बायका, काही तर वयाने त्यांच्याहून मोठ्या, त्यांना काकू म्हणत आणि थोड्या वचकून असत. या काकूंकडे भिशी चालायची.

महिन्यातून एका रविवारी सगळ्या जमायच्या, प्रत्येकीने ठरलेली रक्कम आणायची, ती सगळी मिळून एकीला द्यायची. प्रत्येकीची पाळी एकदा येणार, आणि कुणाची कधी ते चिठ्ठी उचलून ठरायचं. इथवर सगळ्या भिशा सारख्याच. काकूंच्या भिशीत मात्र चिठ्ठीच्या आधी मीठ बघावं लागे.

म्हणजे असं की, त्या दिवशी काकू मोठ्या पातेल्यात पातळ पोह्यांचा चिवडा करायच्या. बायका जमल्या की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकेकीला हाक मारायच्या, "चल, मीठ बघून जा." आत गेलं की दार लोटून घ्यायच्या, तळहातावर चमचाभर चिवडा ठेवायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. जिची काही अडचण असेल तिने ती तेवढ्यात सांगायची. जिची नसेल तिने नुसता चिवडा खायचा. आत सगळ्याच जात, म्हणून कोण काय बोललं ते बाहेर कळायचं नाही. मग काकू बाहेर येऊन एकतर चिठ्ठ्यांचा डबा हलवायच्या, नाहीतर म्हणायच्या, "आज चिठ्ठी नाही." जाताना प्रत्येकीला कागदाच्या पुड्यात चिवडा मिळे. चिठ्ठी नसलेल्या दिवशी त्यातल्या एका पुड्यात तळाशी पैसे असत. कुणाच्या, ते काकूंना ठाऊक आणि पुडा उघडणारीला. पुढे कधी हिशेब लावून कुणाला ओळखता आलं असतं, पण तोवर अडचण निभावलेली असायची, आणि असला हिशेब लावणं बरं दिसत नसे.

आता आतून बाहेर येताना काहीतरी बोलायला हवं ना. म्हणून प्रत्येक जण बाहेर ऐकू जाईल असं म्हणायची, "थोडं कमी आहे, काकू." काकूही कुणाचा शब्द खाली पडू देत नसत, दरवेळी चिमूटभर टाकायच्याच. शेवटची बाई येईतो चिवडा इतका खारट होई की बाबा पाण्याचा तांब्या घेऊनच तो खायला बसत. "तुमच्या काकूंचं समुद्रावर घर आहे काय?" असं ते आईला दरवेळी विचारत, आणि आई दरवेळी नवीन ऐकल्यासारखी हसायची.

आमच्या घरात आधी 'गोरखपूरच्या काकूंकडची भिशी' असं पूर्ण नाव होतं. मग आई 'गोरखपूरची भिशी' म्हणायला लागली, आणि मी शाळेत जाईतो नुसतं 'गोरखपूर' उरलं. गोरखपूर लागलं की कूलर घेऊ. यंदा गोरखपूर लवकर लागलं तर बरं. त्याच गोरखपुरात आमचा शिंपी होता, चपलांचं दुकान होतं, पण तिकडे जाताना आम्ही 'बाजारात जाऊन येतो' म्हणायचो. लहानपणी माझी समजूत होती की प्रत्येक शहरात एक गोरखपूर असतं आणि कूलर तिथूनच येतात. पुढे कॉमर्स शिकवायला लागल्यावर कळलं की समजूत अगदीच चूक नव्हती.

माझं बी.कॉम. झालं तेव्हा बाबांचा ओव्हरटाइम बंद झाला होता. मला एम.कॉम. करायचं होतं. बाबा नाही म्हणाले नाहीत, पण जेवताना वरणाकडे बघत म्हणाले, "नोकरीच्याही परीक्षा देऊन पाहा." मी समजून घेतलं आणि पुस्तकं कपाटावर टाकली. त्या रविवारी आई गोरखपूरहून आली, पुडा ओट्यावर ठेवला, पदराने हात पुसले आणि मला म्हणाली, "उद्या जाऊन फी भरून ये." बाबा दारात स्टुलावर बसून बूट काढत होते.

"पैसे कुठचे?" त्यांनी विचारलं.

"गोरखपूरचे," आई म्हणाली.

"अच्छा," बाबा म्हणाले, आणि दुसरा बूट काढला.

आईने मामाचं नाव घेतलं असतं, शेजारच्यांचं घेतलं असतं, तर बाबा तसेच बूट घालून पैसे परत करायला निघाले असते. त्यांचा स्वभावच तो. गोरखपूर म्हटल्यावर मात्र त्यांनी दुसरा बूट काढला, हातपाय धुतले आणि खारट चिवडा खाल्ला. माझी पुढची सगळी नोकरी, ही स्कूटर, या वर्गातल्या मुली, सगळं त्या दुसऱ्या बुटापाशी सुरू झालं असं मला वाटतं. मी देवाला नमस्कार करते तेव्हा काकूंचा नंबर फार मागे नसतो.

या उन्हाळ्यात काकू न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही हे नशीब, पण मुलगा घाबरला. त्याने गोरखपूरच्या घराला कुलूप लावलं आणि त्यांना मदन महलला, स्टेशनसमोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. काकू ऐंशीच्या घरात, आता भिशी बंदच पडणार असं सगळ्यांनी धरलं. फोनवर बायकांचा ग्रुप आहे, तिथे तरुण सुनांनी लिहिलं की जायची काय गरज, पैसे फोनवरूनच पाठवू, चिठ्ठीही फोनवर निघते. काकूंना टाइप करता येत नाही. त्यांनी बोलून निरोप पाठवला, "फोनले मीठ कळते काय? रविवारी मदन महलले या." ग्रुपचं नाव अर्थातच गोरखपूर होतं. ते बदलायचं कुणाला सुचलं नाही.

आणि याच दिवसांत आमच्या खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या सुनेचा नर्सिंगला नंबर लागला.

ही सून सौंसर गावाकडची. नवरा फॅक्टरीत ठेकेदाराकडे कामाला, घरात तो, ती आणि सासू. मुलगी हुशार, वस्तीत कुणाचं बी.पी. वाढलं की यंत्र घेऊन तीच पळते. नवरा म्हणाला शिक. सासू म्हणाली, पैसे असतील तर जा, कर्ज काढून जायचं नाही, आणि दागिनेही मोडायचे नाहीत. पहिला हप्ता आठवड्याभरात भरायचा होता, नाहीतर जागा पुढच्या नंबरवालीला जाणार. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडून घे, सावकाश दे. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "नाही दीदी. तुम्ही काही म्हणणार नाही, मालूम आहे मले. पण मी रोज जिन्यात तुम्हाले पाहीन न. रोज मीच स्वतःले म्हणून राहीन."

मला रागच आला. चांगले पैसे देऊन राहिले तर नखरे कसले, असं वर येऊन आईजवळ बोललेसुद्धा. आई मेथी निवडत होती. "तुझ्या बाबांचीच लेक शोभते ती," म्हणाली. "तुझ्याकडून काहून घेईल? तुले तोंड आहे, रोज दिसणारं. हिले गोरखपुरात घेऊ." आणि जिन्यातून खाली वाकून तिने तिथल्या तिथे हाक मारली, "अगं ए, रविवारी चल माझ्यासोबत." या महिन्याचा वाटा तिच्याजवळ होता, तेवढा ती शिवणकामातून काढू शकत होती. गोरखपूर म्हणजे काय ते आईने सासूच्याही कानावर घातलं, आणि मीठ बघायचं काय असतं ते सुनेला नीट समजावलं.

रविवारी आम्ही तिघी ऑटोने मदन महलला गेलो. फ्लॅट छान होता, नवा, लखलखीत, आणि त्यात एक गोष्ट अशी होती की मी दारातच थांबले. स्वयंपाकघराला भिंत नव्हती. हल्ली असतं तसं, हॉल आणि ओटा एकच. सोफ्यावर बसलं की फोडणी दिसते, फोडणीपाशी उभं राहिलं की सोफ्यावरचा उसासा ऐकू येतो. काकूंच्या सुनेने हौसेने चिवडा स्वतः करून ठेवला होता, सुरेख झालेला, मीठ नेमकं. बायका दाटीवाटीने बसल्या. सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार असावा, कारण नेहमीची कलकल नव्हती. खालची सून आईला चिकटून बसली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

काकू काठी टेकत खोलीतून आल्या. ओट्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. भिंत कुठे गेली असं कुणाला तरी विचारावं असा चेहरा होता. मग त्या चिवड्याची वाटी उचलून गॅलरीकडे वळल्या. "चला, एकेक जण," म्हणाल्या. "गाडी पाहून जा."

गॅलरीतून रूळ दिसत होते. गॅलरीच्या काचेच्या दारात कूलर बसवलेला, त्यामुळे दार पुरतं लागत नव्हतं. पहिली बाई गेली तेव्हा गाडी खरंच आली, खडखडत, लांबलचक. काय बोलणं झालं कुणास ठाऊक. बाई परत आली आणि सवयीने म्हणाली, "थोडं कमी आहे," मग गोंधळून, "गाडी चांगली आहे." दुसरीच्या वेळी मालगाडी होती. मला हायसं वाटलं. काकूंनी उपाय काढला होता.

तिसरी हाक आमच्या खालच्या सुनेला आली. ती उठली, गेली, काकूंनी तिच्या हातावर चिवडा ठेवला, आणि गाडी आली नाही.

रूळ रिकामे. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. कुणी मुद्दाम कान देत नव्हतं, उलट सगळ्या आपापल्या चपलांकडे, पर्सकडे बघत होत्या, पण अशा वेळी कान बंद थोडेच करता येतात. मला इथून तिची पाठ दिसत होती. तिने एकदा मान वर केली आणि परत खाली घातली. काकू गप्प उभ्या, नेहमीसारख्या. मग तिने हातावरचा चिवडा तोंडात टाकला आणि ती वळायला लागली. मला वाटलं संपलं. नर्सिंग गेलं, आणि पुन्हा ती कधी कुणाला विचारणार नाही.

तेवढ्यात माझी आई, जी चारचौघांत कधी आवाज चढवत नाही, खणखणीत आवाजात म्हणाली, "काय बापा हा चिवडा. मीठच नाही यात."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग पलीकडची एक आजी म्हणाली, "तर काय. आळणी आहे निव्वळ." तिसरी म्हणाली, "मले तर बरोबर लागून राहिलं," आणि चौथी तिच्यावर तुटून पडली, "तुमच्या घरी सगळंच फिकं असते, तुम्हाले काय कळते." बघता बघता हॉलमध्ये मंडई झाली. मीठ, मिरची, पोहे, शेंगदाणे, कुणाच्या सासरची फोडणी, कुणाच्या माहेरचं तेल, हिंदीत, मराठीत, सगळ्या एकदम. मीसुद्धा ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, वर्गात कधी इतकं ओरडले नसेन. काकूंची सून ओट्यापाशी पळी घेऊन रडवेली उभी होती आणि तिला कुणी काही सांगूही शकत नव्हतं.

मी गॅलरीकडे पाहिलं. खालची सून परत काकूंकडे वळली होती. काकूंनी मान खाली वाकवली होती, कान तिच्या तोंडाजवळ.

भांडण तिथे थांबलं नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं. कुणी कुणाला खूण केली नाही. पण ती परत येऊन बसली, पुढची उठली, तरी मिठाचा वाद चालूच राहिला, शेवटची बाई गॅलरीतून येईपर्यंत, म्हणजे तिच्यासाठीच गलका झाला असं म्हणायला जागा राहिली नाही. आई तर शेवटी शेवटी खोकायला लागली. तिला मी पाणी दिलं, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की तिथेच तिला मिठी मारावी. मारली नाही, कारण मग उगाच चर्चा झाली असती.

काकू आत आल्या. काठी आपटली, गलका थांबला. "आज चिठ्ठी नाही," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून, "चिवडा चांगला झाला आहे गं. या साऱ्या खोटं बोलून राहिल्या." सुनेने डोळे पुसले. काकूंनी पुडे आतल्या खोलीत नेऊन बांधले आणि एकेकीच्या हातात दिले. परतताना ऑटोत आम्ही तिघी पुडे मांडीवर घेऊन बसलो आणि पावसाळ्यात रांझीच्या रस्त्याचं काय होतं यावर बोललो.

घरी आल्यावर आईने आमचा पुडा उघडला. नुसता चिवडा. तिने चिमूटभर खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "हे गोरखपूरचं वाटत नाही," म्हणाली. मग डब्यातून मीठ घेऊन वर भुरभुरवलं.

त्या रात्री मला माझा वर्ग आठवला. दलाल स्ट्रीट कोसळली असं छापून येतं तेव्हा कुणाचं नाव घेऊन भांडायची सोय राहत नाही, गल्लीवर रागावून काय करणार. शहाणी माणसं गल्लीच्या नावाआड लपतातही, ते मी वर्गात शिकवते आणि शिकवीत राहीन. पण आमच्या घराने त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहिली होती. जागेच्या नावाला तोंड नसतं, म्हणून त्याच्याकडून घेताना मान खाली घालावी लागत नाही. आणि तोंड नसलं तरी त्यामागे माणसं असावी लागतात, मीठ कमी आहे म्हणून घसा फाटेस्तोवर भांडणारी. ती आहेत तोवर घराला कुलूप लागलं तरी काही अडत नाही. आमच्या वाट्याला अशी माणसं आली. याहून जास्त मी काही मागितलं नसतं, कारण असं काही मागता येतं हे मला सुचलंच नसतं.

सोमवारी सकाळी कॉलेजला निघाले. खालच्या घराची सासू पायरीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. सून फाइल काखेत धरून, वेणी घट्ट घालून बाहेर आली आणि सासूसमोर उभी राहिली. मी जिन्याच्या वळणावर थांबले. पुढे जाणं बरं दिसलं नसतं आणि मागे फिरवेना.

"आई, आज फी भरून येतो."

सासूने वर पाहिलं नाही. "पैसे कुठचे?"

"गोरखपूरचे."

शेंग मोडल्याचा एक टक आवाज आला.

"अच्छा," म्हातारी म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. "ऊन होईल. डोक्यावरून ओढणी घेऊन जाय."

सून फाटकातून बाहेर पडली, बसच्या दिशेने, जवळजवळ पळतच. गोरखपूरच्या त्या घराचं दारसुद्धा तिने कधी पाहिलेलं नाही.